नरसाळं

मेंढीला कोणी कापत नाही. ती म्हातारी होते, मरते, मग तिला पुरतात, आणि तिची लोकर कातणारी बाई दोन दिवस नीट जेवत नाही.

काळ्या रबरी नळीला तारेचे सात वेढे पिळले की पलीकडे थेंब जात नाही.

लोकरीच्या टोपलीत कापसाचे दोन बोळे. दोन्हींवर एकेक तपकिरी ठिपका.

ढेकर आला म्हणजे आतलं वाईट बाहेर पडलं.

घरामागे, जिथे आडोशाला बसायचं तिथे, मुंग्यांची रांग.

घायपाताचा काटा बोटभर लांब असतो. पायात गेला तर माणूस ओरडतो. पेटुल ओरडला नाही.

*

जानेवारीतल्या एका दुपारी पेटुल लाकडांचा भारा घेऊन घरी आला, चुलीपाशी बसला आणि गरम भाकरी मिठाशी खायला लागला. मक्याची तिसरी भाकरी तव्यावर टाकताना तुमिनची नजर नवऱ्याच्या पायाकडे गेली. चपलेच्या टायरमधून काटा आरपार वर आला होता आणि टाचेत शिरला होता. टाच खिळ्यानं ठोकावी तशी चपलेला ठोकलेली.

"तुमचा पाय," ती म्हणाली.

पेटुलनं खाली वाकून पाहिलं. दुसऱ्या कोणाचा तरी पाय आपल्या अंगणात आला असावा तसं पाहिलं. मग त्यानं उरलेली भाकरी तोंडात कोंबली आणि पाय तिच्यासमोर केला. तिनं निखारे उचलायच्या चिमट्यानं काटा ओढला. त्याच्या मागून काळसर रक्त आलं, थोडंसंच.

"दुखलं नाही?"

"कातडी टायरची झाली आता," तो म्हणाला आणि हसला. तीही हसली. डोंगरावरच्या माणसाची टाच म्हणजे टाच थोडीच असते.

तीन आठवडे झाले तरी भोक बुजलं नाही. त्याच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि मधून वास यायला लागला. तुमिननं पाला ठेचून बांधला, मग तंबाखू बांधली, मग मेंढीच्या लोकरीची राख. पेटुल उन्हात बसून दाणे सोलायचा आणि अर्ध्या अर्ध्या तासाला आडोशाला जायचा. घसा सुकतो म्हणायचा. सुकला की काळ्या सोड्याची बाटली उघडायचा. तिवो गावात बाटली नाही असं घर नव्हतं. झऱ्याच्या पाण्यानं पोट बिघडायचं, बाटलीतल्यानं बिघडत नसे. लेकरू दूध सोडायचं ते बाटलीवर. मयताला आलेल्यांच्या हातात बाटली, सोयरीक मागायला गेलात तर काखेत बाटली. पेटुलनं तुमिनला मागितलं तेव्हा तिच्या बापासमोर दोन क्रेट ठेवले होते आणि बाप तीन वेळा गेलेल्यांना परत पाठवून चौथ्यांदा झाकण उघडता झाला होता. त्या दिवशी तीही प्यायली होती. अजून चव आठवते.

*

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती दोघं मागे उघड्या गाडीत उभी राहून दवाखान्यात गेली. नर्सबाई शहराकडची होती, स्पॅनिश बोलायची. फरशी पुसणारी बाई आपल्या भाषेची होती. फडकं बादलीत टाकून ती मध्ये उभी राहिली. नर्सबाई हातभर बोलायची आणि ते हिच्या तोंडून बोटभर बाहेर यायचं.

रक्तात साखर झाली आहे. ही गोळी जेवल्यावर. पाय रोज उकळलेल्या पाण्यानं धुवायचा, चिखलात घालायचा नाही. पाणी भरपूर प्यायचं. बाटली बंद.

नर्सबाईच्या टेबलावर बाटली होती. अर्धी प्यालेली, झाकण लावलेली.

तुमिन तिच्याकडे बघत राहिली. फरशी पुसणाऱ्या बाईनं ते पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "बाई म्हणतात, घरात आणूच नका. दोघांनी बंद करा."

दोघांनी. ते तुमिनला लगेच पटलं. नवरा देवाचं काम अंगावर घेतो तेव्हा बायकोही मीठ सोडते. तो जागतो तर ती जागते. एकट्यानं पाळलेला नेम अर्धाच लागतो. तिनं मान हलवली. बाईनं दिलेला कागद घडी करून कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि घरी आल्यावर देवघरातल्या लाकडी क्रुसामागे ठेवला, मेणबत्त्यांच्या शेजारी. वाचता कोणालाच येत नव्हतं. पण कागद तिथे आहे एवढं पुरेसं वाटलं.

पेटुलनं गोळ्या घेतल्या. बाटली सोडली. म्हणजे घरात सोडली.

*

मग झऱ्याचं काम आलं.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी झऱ्यातला गाळ काढतात, टाकीच्या भेगा बुजवतात. लागोपाठ तीन सोमवार, घरटी एक पुरुष, गुडघाभर चिखलात. पेटुल पहिल्या सोमवारी गेला नाही. दुसऱ्या सोमवारी गेला नाही. तिसऱ्या सोमवारी त्यानं रबरी बूट घातले, फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"सांगा ना त्यांना पायाचं," तुमिन म्हणाली.

"कोणाला सांगू? कोणाच्या पोटात काय आहे मला काय माहीत."

ते खरं होतं. आजार बोलून दाखवला की ज्याला आपलं वाईट हवं त्याच्या हाती दोरी जाते. शहाणा माणूस म्हणतो, बरा आहे, आणि दार लावून घेतो. त्यामुळे तिवोतल्या लोकांनी पेटुलला बूट घालून अंगणात बसलेला पाहिला आणि त्यांना वाटलं, बसलाय.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाणी समितीचे दोघे आले. कुंपणाबाहेर जिथे मोठ्या नळीतून पेटुलची नळी फुटत होती तिथे त्यांनी ती दुमडली आणि तारेचे वेढे दिले. जाताना एकानं तुमिनच्या मेंढ्यांकडे बघून विचारलं, यंदा लोकर कशी आहे. तिनं सांगितलं, बरी आहे.

*

ओढा खाली दरीत. वीस लिटरचा डबा पाठीवर, पट्टा कपाळावर. उतरायला मेंढ्यांना चार घास खाऊन होतील एवढा वेळ, चढायला त्याच्या दुप्पट. दिवसाच्या तीन खेपा. एक स्वयंपाकाला, एक पेटुलच्या पायाला, एक मेंढ्यांना. पायाचं पाणी उकळायचं म्हणजे लाकूड वेगळं. नर्सबाईनं पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं होतं तेव्हा नळीला तार नव्हती.

ओढ्यावर तुमिन ओंजळीनं प्यायची. पोट ताठ होईपर्यंत प्यायची. डबा भरून अर्ध्या चढावर यायची तोवर जीभ टाळूला चिकटलेली असायची. हे डब्याचं ओझं, ती म्हणायची. हा एप्रिलचा धुरळा. शेतं जाळतात त्याचा धूर. खरंच धूर होता, सूर्य तांब्याच्या भांड्याच्या बुडासारखा दिसायचा.

चढावाच्या मध्यावर दुकान होतं. ओढ्यापेक्षा जवळ, झऱ्यापेक्षा जवळ, दवाखान्यापेक्षा तर कितीतरी. दुकानाच्या बाकावर डबा टेकवला की दुकानदारीण न विचारताच बाटली उघडायची. दोन महिने असंच चाललं. पहिल्या दिवशी तुमिननं फरशी पुसणाऱ्या बाईचा शब्द आठवून बाटली बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी अर्धी प्यायली. पाय हलके झाले, डोळ्यांपुढचं धुकं सरलं, चढ अंगणासारखा झाला. मग तिनं तोंड पुसलं, दोनदा, आणि घरी गेल्यावर पेटुलच्या जवळ बसली नाही, वास येईल म्हणून.

नेम मोडतेय, हे तिला कळत होतं. त्याचा पाय माझ्यामुळे बरा होत नाही की काय, असंही तिच्या मनात येऊन जायचं. पण बाटलीशिवाय चढ चढत नव्हता आणि चढाशिवाय पायाला पाणी नव्हतं. हे कसं सोडवायचं ते तिला समजेना. डोक्यात धागा गुंतला होता. खरे धागेही गुंतत होते: अंगणातल्या खांबाला माग बांधून, पट्टा कमरेला लावून ती बसायची तेव्हा ताण्याचे धागे एकाचे दोन दिसायचे. काळ्या लोकरीत काळा धागा, म्हटलं दिसायचाच तसा. कमरेचा पट्टा आता एक वेढा जास्त घेत होता. इतकं चालल्यावर माणूस वाळणारच.

आडोशाच्या मुंग्या आता पेटुल बसायचा तिथेही होत्या आणि ती बसायची तिथेही. मुंग्या कुठेही जातात.

*

पेटुल म्हणाला, कातलला बोलाव.

कातल म्हातारी नाडी ऐकायची. तिनं अंगणात आल्या आल्या पेटुलला वाकायला लावलं, कपाळाला हाताची पाठ लावली, मग मनगट धरून डोळे मिटले.

"झऱ्यापाशी पडला होतास तू," ती म्हणाली.

पेटुलनं तुमिनकडे पाहिलं. पडला होता. सहा वर्षांपूर्वी, शेवाळावरून घसरून, सगळ्यांसमोर. लोक हसले होते.

"तुझ्या जिवाचा एक तुकडा तिथेच राहिलाय. थंडीत बसलाय बिचारा. आणि तू त्याला बघायलाही जात नाहीस, काम आलं तरी जात नाहीस. पाय त्याच्याकडे जायला बघतोय."

तेरा मेणबत्त्या, एक कोंबडी, उसाच्या दारूची बाटली, पोश म्हणतात ती, आणि काळ्या सोड्याच्या चार. ढेकर आल्याशिवाय भीती निघत नाही.

तुमिन चाचरत म्हणाली की दवाखान्यातल्या बाईनं सोडा बंद सांगितलाय.

"तिला नाडी ऐकता येते?"

"नाही. ती सुई टोचते. रक्त काढून बघते."

"रक्त बाहेर काढल्यावर ते काय बोलणार, पोरी. कोंबडी कापून विचारशील का, अंडं कुठे घातलंस?"

पेटुल हसला. कितीतरी दिवसांनी हसला, आणि तेवढ्यासाठी तुमिनला म्हातारी खरी वाटली. जमिनीवर पाइनची हिरवी पानं पसरली, मेणबत्त्या लावल्या, कातल गुडघ्यावर बसून तासभर झऱ्याशी भांडली, विनवण्या केल्या, परत भांडली. पेटुलनं तीन बाटल्या संपवल्या. ढेकर आले, एवढे मोठे की बाहेर कुत्रं उठून बसलं. त्या दिवशी तो शांत झोपला. पुढचे दोन दिवस मात्र उठलाच नाही. डोळे उघडे, जीभ जड, बायकोला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत होता. तिसऱ्या दिवशी उठला आणि पाणी मागितलं.

म्हणजे म्हातारी खरी की नर्सबाई? दोघींनीही हात धरून सांगितलं होतं. दोघींनीही खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. तुमिन चुलीशी बसून विचार करायची आणि भाकरी करपायची.

एक गोष्ट राहिलीच. निघताना कातलनं सहज म्हणून तुमिनचं मनगट धरलं. सोडायला वेळ लावला. "तुझं रक्त पळतंय कुणीकडे?" तिनं विचारलं. तुमिन म्हणाली, पाणी आणायला. म्हातारी हसली नाही. "थकलंय," ती म्हणाली. "उरलेली बाटली तू घे."

*

तीन मे हा क्रुसाचा दिवस. झऱ्यावर पानं-फुलं बांधतात, गाणं-वाजवणं होतं. त्या दिवशी ज्याची नळी बांधलेली तो झऱ्यापाशी उभा राहू शकत नाही. आणि जो त्या दिवशी उभा राहिला नाही त्याला वर्षभर पाणी नाही. तोवर मेंढ्या मेल्या असत्या. पाय तर आधीच.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दिवस उजाडताना, तुमिन मिकुलाशच्या घरी गेली. मिकुलाश पाणी समितीचा मुख्य. तिनं दाराबाहेर गुडघे टेकले आणि बाटली मातीत उभी केली. मिकुलाश बाहेर आला, बाटलीकडे पाहिलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. दाणे टाकून झाले. मग त्यानं घोड्याला चारा घातला. मग तोंड धुतलं, नळीच्या पाण्यानं, सावकाश. तुमिनच्या गुडघ्यांत माती रुतत होती आणि तिला सारखं वाटत होतं की ते सांडणारं पाणी जिभेनं चाटावं.

"पेटुल का आला नाही?"

"ते लाजतात, काका."

"लाजणारा माणूस कामाला येतो." त्यानं बाटलीला हात लावला नाही. "माझ्या धाकट्याला कंबर धरली होती, तरी तो आला. म्हातारा मातेओ काठी टेकत आला. तुझा नवरा अंगणात बूट घालून बसतो. झऱ्याचं काम काय बूट करणार?"

तिला सांगायचं होतं. पाय कुजतोय, काका. तोंडात आलं होतं. पण पेटुलनं दोरी कोणाच्या हातात जाऊ नये म्हणून तीन महिने दाबून धरलेलं, ते ती मिकुलाशच्या दारात कशी ओतणार.

"चूक झाली," ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं मिकुलाशनं बाटली उचलली आणि झाकण काढलं. ऐकून घेतलं, असा त्याचा अर्थ. एक घोट त्यानं घेतला, एक तिला दिला. "रविवारी. दोन क्रेट, पोश, मेणबत्ती. झऱ्यावर. तो येईल आणि सगळ्यांबरोबर पिईल. त्याच्या पोटात आमच्याबद्दल काही नाही हे आम्हाला दिसू दे, आमच्या पोटात त्याच्याबद्दल काही नाही हे त्याला. मग तार काढू."

*

"पिणार नाही म्हटलं तर तार निघत नाही," पेटुल म्हणाला, "आणि प्यायलो तर पुन्हा तसा पडीन. ह्या वेळेला उठीन का?"

ती उठली. छपराच्या आढ्याला एक जाळीची पिशवी टांगलेली होती, पेटुलच्या बापाची. तिनं ती काढली, धूळ झटकली. आत पत्र्याचं नरसाळं होतं, तळहाताएवढं, चामड्याच्या दोरीत ओवलेलं, आणि एक रिकामी बाटली.

सगळ्या मानाच्या बैठकीत म्हाताऱ्यांकडे असं नरसाळं असतं. पोशचा पेला हातात आला की नाही म्हणता येत नाही. पण तो ओठांना लावून मग नरसाळ्यातून आपल्या बाटलीत ओतता येतो. घेतलं असंच धरतात. कोणी काही म्हणत नाही. पोटुशा बाया ओततात, म्हातारे ओततात, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असेल तो ओततो.

"मी म्हातारा आहे का?" पेटुल म्हणाला. गावाचा शिपाई होता तो एक वर्ष, काठी घेऊन फिरला होता.

"नाही. पण पाय म्हातारा झालाय," तुमिन म्हणाली.

त्यानं नरसाळं उलटसुलट करून पाहिलं. मग ते गळ्यात अडकवलं आणि वर सदरा ओढला.

*

रविवारी झऱ्यापाशी अकरा माणसं आणि दोन बायका होत्या. बायका मागे, जमिनीवर. पुरुष वयाच्या क्रमानं बाकावर. पेटुल बूट घालून चालत आला. तुमिन मागून त्याच्या पाठीकडे बघत होती. लंगडू नये म्हणून त्यानं दोन्ही पाय सारखेच जड टाकले होते. क्रेट तिच्या पाठीवर होते. झऱ्याचं पाणी टाकीत पडल्याचा आवाज येत होता. तो आवाज तिच्या घशात शिरला आणि तिथेच राहिला.

पेटुल गुडघ्यावर बसला. एकेकापुढे डोकं वाकवलं. एकेकानं कपाळाला हात लावला. चूक झाली. झाली. पुन्हा होणार नाही. बरं.

मग वाटप. मिकुलाशचा धाकटा भाऊ आंतुन पेला भरत होता. आधी पोश.

"घेतो, बाबा. घेतो, दादा. घेतो, काका," प्रत्येक जण क्रमानं सगळ्यांना म्हणायचा, सगळे "घे" म्हणायचे, आणि पेला रिकामा व्हायचा. पेटुलची पाळी आली. त्यानं सगळ्यांना घेतो म्हटलं, पेला ओठांना लावला, सदऱ्यातून नरसाळं काढलं आणि ओतलं.

"आज्जा झाला की काय रे," आंतुन म्हणाला. हसले सगळे. त्या हसण्यात काही नव्हतं.

मग आंतुननं सोड्याच्या बाटलीचं झाकण दातानं उघडलं. काळं पाणी फेसाळत पेल्यात आलं. मिकुलाश प्यायला. मातेओ प्यायला. पेला पेटुलच्या हातात आला. त्यानं सगळ्यांना घेतो म्हटलं, ओठांना लावला आणि नरसाळं पुढे ओढलं.

ह्या वेळेला कोणी हसलं नाही.

"हे काय करतोस?" मिकुलाशनं विचारलं.

पेटुल थांबला. नरसाळ्याच्या टोकावरून एक थेंब लोंबत होता.

"पोश ओततात. पोश डोक्यात जाते. हे कोण ओततं? हे आम्ही लेकरांना देतो." मिकुलाशचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "ह्यात काय आहे म्हणून तू पीत नाहीस?"

"काही नाही, काका."

"आंतुननं काही टाकलंय?"

"नाही."

"मग आम्ही तुझ्यावर काही केलंय असं तुझ्या मनात आहे. तुझ्या बायकोनं कातलला बोलावलं होतं. तेरा मेणबत्त्या. आम्हाला कळत नाही होय?"

तुमिनला तेव्हा कळलं की तीन महिने ते दोघं लोकांच्या पोटातल्याला घाबरत होते आणि लोक त्यांच्या पोटातल्याला. पाय कुजतोय हे आता सांगितलं तर लोक म्हणणार, बघा, आपल्यावर आळ घालतोय. न सांगितलं तर हे असं. नर्सबाईचं नाव घेतलं तर? नर्सबाईच्या टेबलावरची बाटली इथल्या प्रत्येकानं पाहिली होती.

पेटुल पेल्याकडे बघत होता. त्याचा हात वर जायला लागला. तो पिणार होता. तिला त्याच्या मानेवरची शीर दिसली, आणि ते दोन दिवस आठवले, उघडे डोळे, बहिणीचं नाव.

ती उठली. बायका पुरुषांच्या ओळीत येत नाहीत, ती आली. त्याच्या हातातला पेला घेतला.

"त्यांचं मी पिते," ती म्हणाली. "आम्ही दोघं मिळून एक घर आहोत. नळी घराची आहे, त्यांच्या एकट्याची नाही. पाणी आणते मी. घरात मी पिते ते त्यांच्या पोटात गेलंच. तुम्हाला आमच्या पोटात काय आहे ते बघायचंय ना, माझ्या बघा."

मग म्हाताऱ्या मातेओनं काठी आपटली. "ही माझी बायको असती तर," तो म्हणाला, "मी दहा नळ्या बांधून घेतल्या असत्या." आंतुनला हसू फुटलं. मिकुलाश हसला नाही, पण त्यानं हात पुढे केला: घे.

"घेते, काका. घेते, बाबा. घेते, दादा." तिनं अकराही जणांना म्हटलं आणि प्यायली.

पोशच्या तीन फेऱ्या झाल्या, त्या पेटुलनं ओतल्या. सोड्याच्या तीन. प्रत्येक फेरीत दोन पेले तिचे, त्याचा आणि तिचा. सहा. शेवटी मिकुलाशनं स्वतः उठून सातवा भरला, नळीच्या नावानं. तो तिनं एका दमात संपवला, आणि तिला ढेकर आला, मोठा, खोल. सगळे पुरुष खूश झाले. निघालं, मातेओ म्हणाला. काय होतं ते निघालं.

गोड तिच्या अंगभर पसरलं होतं. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. झाडं कडेकडेनं वितळत होती आणि तिला वाटलं, आनंद असा असेल.

*

तार काढायला आंतुन आला. सात वेढे होते, सहावा गंजून चिकटला होता. नळी आधी खोकली, मग तपकिरी पाणी आलं, मग स्वच्छ. मेंढ्या धावत आल्या.

पेटुल बाकावर बसला आणि त्यानं बूट काढला, सगळ्या डोंगराला दिसेल असा. पाय नळीखाली धरला. "गार आहे," तो म्हणाला. "अगं, गार लागतंय मला." त्याला खरंच लागत होतं की नाही कोण जाणे. त्यानं ओंजळ भरून तिच्याकडे पाहिलं. "तू नसतीस तर मी आज मेलो असतो."

ती नळीला तोंड लावून पीत होती. प्यायली, श्वास घेतला, परत प्यायली. पोटात जागा उरली नाही तरी घसा कोरडाच होता. आता डबा नाही, चढ नाही, धूर नाही, आणि तरी हे का, ते तिला कळेना. तिनं वर पाहिलं तर पेटुलच्या जागी दोन पेटुल बसले होते, दोघंही हसत होते.

"जरा बसते," ती म्हणाली, आणि मागाच्या खांबाला टेकून लोकरीच्या टोपलीशेजारी बसली. पेटुल तिला काहीतरी सांगत होता, क्रुसाच्या दिवशी कोणता सदरा घालायचा त्याबद्दल. तो सांगत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं तिला हाक मारली.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी नर्सबाईनं दोघांच्याही बोटाला सुई टोचली होती. क्रुसामागच्या कागदावर वरची ओळ पेटुलची आहे, दोनशे सत्तर. खालची तुमिनची, चारशे बारा.